ईशान्येचा संडास

१२ जून

दादा,

बटाटे पाठवणं बंद कर. नऊ वर्षं झाली. दर ऑक्टोबरात होक्काइदोहून दहा किलोची पेटी येते, वर तुझ्या अक्षरात माझा पत्ता, आणि आत बटाटे. चिठ्ठी नाही, 'कशी आहेस' नाही, 'मेलीस का' नाही. एखाद्या बटाट्याखाली कागद असेल म्हणून मी सगळी पेटी जमिनीवर पालथी करते. माती निघते. एकट्या बाईनं दहा किलो खायचे किती? अर्धे मी तोफूवाल्या ओकुमुरा काकूंना देते. त्या दरवर्षी विचारतात, "हिदेताका बरा आहे ना गं?" मी सांगते, "बटाट्यांवरून तरी बरा दिसतोय." गेल्या वर्षीच्या उरलेल्यांना आता वीतभर कोंब आलेत. सख्ख्या बहिणीला भाजी पाठवायची आणि तोंड शिवून बसायचं, ही कुठली रीत?

असो. पत्र कामाचं आहे, भांडायला लिहिलेलं नाही.

मी परवान्याच्या परीक्षेला बसते आहे. घरं आखायचा परवाना, दुसऱ्या श्रेणीचा, तुझ्याकडे आहे तोच. हसायचं ते एकदाच हसून घे. बावन्न वर्षांची बाई, शाळा नववीपर्यंत. नववी झाली त्या आठवड्यात बाबांनी हातात रंधा दिला आणि तुला तांत्रिक शाळेत घातलं. त्याबद्दल मी कधी बोलले नाही, आजही बोलत नाही. पण सात वर्षं सुतारकामाच्या जागी राबलं की शाळेच्या दाखल्याशिवाय परीक्षेला बसता येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुला माहीत होतं का? असणारच.

तू गेल्यापासून आपल्या वर्कशॉपमध्ये परवानेवाला कुणी नाही. छपरं दुरुस्त करते, दारं बसवते, गोठे बांधते. पण अख्खं घर सांगायला कुणी आलं तर मी आखलेला नकाशा शहरातल्या एका परवानेवाल्याकडे न्यायचा, त्यानं दोन रेघा हलवायच्या, आणि घर त्याच्या नावावर. गेल्या वर्षी अशी दोन झाली. घरभरणीला त्याला पहिल्या पाटावर बसवलं आणि मला स्वयंपाकघरात.

लेखी परीक्षा चौथ्या वेळी सुटली. कायद्याच्या पुस्तकातली निम्मी अक्षरं मला वाचताच येत नव्हती. ओकुमुरा काकूंच्या सुनेनं प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर बारीक उच्चार लिहून दिला, तेव्हा कुठे. आता नकाशाची परीक्षा. पाच तास, सगळं हातानं. लेखी एकदा सुटली की नकाशाला तीन संधी मिळतात, दोन माझ्या गेल्या. या सप्टेंबरची चौदा तारीख शेवटची. यंदा नापास झाले तर पुन्हा पहिल्यापासून कायद्याची अक्षरं. ते आता माझ्यानं व्हायचं नाही. डोळे गेलेत.

दोन्ही वर्षी का नापास झाले ते विचारू नकोस. वेळ पुरला नाही.

यंदाचा विषय काल जाहीर झाला: म्हातारे वडील आणि मुलाचं कुटुंब यांचं दुमजली लाकडी घर. जागेचं माप आणि बाकीच्या अटी परीक्षेच्या दिवशीच कळतात. मी सरावाचे नकाशे काढून तुला पाठवणार आहे. तपासून परत पाठव. क्लासमधल्या बाईंना कायदा कळतो, लाकूड कळत नाही. तुला दोन्ही कळतं, म्हणून लिहिते. बाकी काही नाही.

मित्सुए


६ जुलै

दादा,

सोबत नकाशा आहे. दुमडू नकोस, गुंडाळून पाठव.

क्लासची हकिगत सांगते. दर रविवारी पहिल्या बसनं निघते, दोन तासांनी पोचते. अठरा जण आहोत. सतरा जणांची वयं मिळून किती होतील मला हिशेब नको, पण माझ्या शेजारी बसणारी मुलगी चोवीस वर्षांची आहे आणि तिची पेन्सिल कागदावर अशी पळते जणू मागे कुत्रं लागलंय. मी रेघ मारते ती पटाशीनं मारल्यासारखी. कागद फाटतो. ती म्हणाली, "काकू, जरा हलक्या हातानं." मी म्हटलं, "बाई, या हातानं खांब उभे केलेत." तर म्हणते, "म्हणूनच सांगते, कागद खांब नाही."

शिकवणाऱ्या नागाओबाई तिशीतल्या. बारीक, चष्मा, तोंड माझ्याहून फटकळ. मला आवडतात. पहिल्या दिवशी मी खांबांना आपल्या पद्धतीनं नावं दिली, एका बाजूनं इ-रो-हा ही अक्षरं आणि दुसऱ्या बाजूनं एक-दोन-तीन, बाबा प्लायवूडच्या फळीवर द्यायचे तशी. त्या वाकून बघत राहिल्या. म्हणाल्या, "हे माझे आजोबा करायचे." मग म्हणाल्या, "पुसा."

गेल्या रविवारी मात्र त्यांनी मला पकडलं. माझे सहा नकाशे टेबलावर एका ओळीत मांडले आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "मित्सुएताई, तुमच्या एकाही घरात ईशान्येला काहीच नाही. ना न्हाणीघर, ना संडास, ना चूल. हा कोपरा रिकामा का?"

"हवा खेळते," म्हटलं.

"परीक्षक हवेचे गुण देत नाहीत."

"आमच्याकडे तिथे घाण ठेवत नाहीत. ती राक्षसाची दिशा. तिथून तो घरात शिरतो. आमच्या बाबांनी चाळीस वर्षांत एका घराला तिथे संडास दिला नाही."

मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल घेतली. "रस्ता दक्षिणेला. म्हणजे बैठक आणि वडिलांची खोली दक्षिणेला आणि पूर्वेला. जिना पश्चिमेला. पाण्याच्या खोल्या उत्तरेला. अट काय? वडिलांच्या खोलीला लागून संडास. आता सांगा, तो कुठे येतो?"

मी खोडरबर उचललं.

"राक्षस परीक्षेला बसलेला नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसलाय."

हे तुला का सांगते आहे? तू विचारलं नसतंस, पण दोन्ही वर्षी मी इथेच अडले. पहिल्या वर्षी संडास घराच्या मधोमध कोंबला, खिडकीशिवाय, म्हाताऱ्याला स्वयंपाकघरातून जावं लागेल असा. अट मोडली. दुसऱ्या वर्षी दीड तास नुसता खोडत बसले, आणि छेदाचा नकाशा अर्धा राहिला. अर्धा कागद ते तपासतही नाहीत. वेळ पुरला नाही म्हणाले होते ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं.

सोबतच्या नकाशात तो मधेच आहे. बघ काही सुचतं का.

मित्सुए


३ ऑगस्ट

दादा,

नकाशा परत आला. गुंडाळून आला, एक सुरकुती नाही. लाल पेन्सिल टोक करून वापरलीस ते कळलं. जिन्याची पायरी दोन बोटं उंच पडली होती, ती धरलीस. तुळई बैठकीवर लांब पडत होती, खाली खांब टाकलास, बरोबर जागी. कडेला लिहिलंस, "इथे लाकूड वाकेल." तीन शब्द. नऊ वर्षांतले पहिले. मी ते सकाळी वाचले, जेवायच्या आधी वाचले, आणि मग चिडून कपाटात ठेवले.

कारण संडासाला तू हात लावला नाहीस.

दादा, आंधळ्यालाही दिसेल की तो चुकीच्या जागी आहे. मागे भिंत, हवा नाही, म्हातारा माणूस चूल ओलांडून जाणार. पायरीतली दोन बोटं दिसतात तुला, आणि हे दिसलं नाही? त्याच्या आसपास एक लाल ठिपकाही नाही. त्या चौकोनाच्या कडेपर्यंत तुझी पेन्सिल येते आणि वळसा घालून पुढे जाते. तोंडानं बोलला असतास तर मी उत्तर दिलं असतं. याला काय उत्तर देऊ?

बरं, मीच बोलते.

बाबांच्या खोलीला लागून ईशान्येला तू संडास बांधलास तेव्हा मी शेडमधून बघत होते. दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. नोव्हेंबर होता. जानेवारीत बाबा तिथेच गेले. आणि मी दारात उभी राहून सगळ्यांच्या देखत म्हटलं, तू त्यांना राक्षसाच्या तोंडात बसवलंस. भटजी होते, काका होते, ओकुमुरा काकू चहा घेऊन आल्या होत्या.  तुझ्या हातात कप होता, तो तू खाली ठेवलास, इतकंच.

आणि मग दहनानंतर. अस्थी उचलताना दोघांनी मिळून एक हाड, जेवतो तशा काड्यांच्या दोन जोड्यांत, धरायचं असतं. तू धरलंस. दुसऱ्या बाजूनं मी धरायचं होतं. मी काड्या खाली ठेवल्या. काकांचा मुलगा पुढे आला आणि त्यानं धरलं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मार्चमध्ये तू तयार घरांच्या कारखान्यात नोकरी घेतलीस, इतकी लांब की मधे समुद्र.

हे मी विसरले असेन असं वाटत असेल तर नाही विसरले. मला रागच लक्षात राहतो, बाकी सगळं वाहून जातं, असं बाबा म्हणायचे. चुकीचं म्हणायचे.

दुसरा नकाशा सोबत आहे. यातही संडास मधेच आहे. या वेळी वळसा घालू नकोस. चूक तर चूक लिही.

मित्सुए


१८ ऑगस्ट

दादा,

नकाशा आला. पुन्हा वळसा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते तुला आणि मला दोघांनाही लागू.

पितरांचे दिवस होते, मेलेली माणसं घरी येऊन गेली. मी दरवर्षीसारखा काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा केला आणि वांग्याची गाय, येताना भरभर यावं, जाताना सावकाश जावं म्हणून. भटजी पाच मिनिटं मंत्र म्हणून पुढच्या घरी गेले. त्यांना यंदा तेहतीस घरं होती. जाताना म्हणाले, "तुमचे वडील यंदा कुठल्या दारानं आले?" ते सगळ्यांना हेच विचारतात, त्यांचा विनोद आहे तो. मी हसले नाही.

आता जे लिहिते आहे ते बस पकडायच्या घाईत लिहावं असं लिहिते आहे, नाहीतर लिहिणार नाही.

बाबांनी आधी मला विचारलं होतं. तुला नाही. तू बांधलास त्याच्या दोन वर्षं आधी. म्हणाले, "मित्सुए, म्हातारा झालो. बाहेरच्या पडवीतून संडासाला जाताना पाय गारठतात. इथे खोलीला लागून एक काढशील?" मी विचारलं, "कुठे?" त्यांनी ईशान्येकडे बोट केलं. मी म्हटलं, "बाबा, चाळीस वर्षं लोकांना नको नको म्हणालात, आणि आता स्वतःला?" ते म्हणाले, "लोकांना नको म्हणालो कारण तो कोपरा थंड, अंधारा. पूर्वी तिथे घाण कुजायची, रोग यायचे. राक्षस वगैरे नंतर आला. आता खिडकी आहे, दिवा आहे, नळ आहे. आणि राक्षस आलाच तर त्याला म्हणेन, जरा हात धर बाबा, उठवत नाही."

मी नाही म्हटलं. दोन हिवाळे नाही म्हटलं. दुसऱ्या हिवाळ्यात पडवीवर बर्फ साठला होता आणि ते पडले. उजवं मनगट मोडलं, ते पुन्हा नीट जुळलंच नाही. मी तुला सांगितलं, साके पिऊन पडले. साके प्यायलेले नव्हते. पुढच्या नोव्हेंबरात, तिसरा हिवाळा लागायच्या आत, तू पुढे झालास, कुणाला न विचारता मोजमापं घेतलीस आणि बांधलास. न विचारता नव्हे. त्यांनी तुला विचारलं, तू हो म्हणालास. मी जे नाही म्हटलं ते तू हो म्हणालास. राक्षसाचं मी बोलले ते नंतर.

तू गेल्यावर मी त्या दाराला खिळे ठोकले. चार, बोटभर लांबीचे. नऊ वर्षं मी स्वतः बाहेरच्या पडवीतून जाते आहे.

काल मी ते काढले. गंजले होते, दोन तुटले. दार उघडलं तर आत कोरडं. एक थेंब ओल नाही, कोपऱ्यात बुरशी नाही. खिडकीतून सकाळचं ऊन थेट जमिनीवर. मी तुला हरामखोर म्हटलं आणि मग खाली बसले.

भिंतीला दांडी आहे. डाव्या बाजूला. उजवा हात मोडलेला म्हणून डावीकडे, ते मला दारातूनच कळलं. पण मी हात लावून बघितलं. दांडी सरळ गोल नाही. तीन बोटांची आहे. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं रंध्याच्या यंत्रात गेली होती, ती सोडून उरलेल्या तीन बोटांना खाचा. तू त्यांचा हात मेणात दाबून घेतलास की नुसता बघून केलास? चेस्टनटचं लाकूड, वर काही लावलेलं नाही, आणि त्या तीन जागा काचेसारख्या गुळगुळीत झाल्यात. दीड-दोन महिन्यांत एवढं झिजत नाही लाकूड. दिवसाला किती वेळा जात असतील? की नुसतेच जाऊन धरून बसत असतील?

आता एक गोष्ट, जी कुणालाच माहीत नाही. त्या सकाळी मी गेले तेव्हा ते पडलेले नव्हते. सगळ्यांना वाटलं पडले. मी तसं वाटू दिलं. ते बसलेले होते, डोकं भिंतीला, आणि डावा हात दांडीवर. सोडवायला मला एकेक बोट उचलावं लागलं.

मित्सुए


२ सप्टेंबर

दादा,

सोबतचा नकाशा तपासायला पाठवत नाही. रविवारी क्लासमध्ये घड्याळ लावून काढला. चार तास चाळीस मिनिटं, पाचही नकाशे पूर्ण, क्षेत्रफळाचा तक्ता भरून. वडिलांची खोली पूर्वेला, तिला लागून ईशान्येला संडास, खिडकी पूर्वेकडे, दार बाहेर उघडणारं, कारण आत माणूस पडला तर आत उघडणारं दार अडतं. नागाओबाईंनी तो उचलला, उजेडाकडे धरला, आणि विचारलं, "भिंतीला ही काय रेघ?"

"दांडी," म्हटलं. "डाव्या बाजूला."

"अटीत नाही."

"माहीत आहे."

"एवढी बारीक रेघ परीक्षक बघणारही नाहीत."

"मग ठेवते."

त्यांनी नकाशा माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "मित्सुएताई, तुम्ही यंदा पास व्हायला पाहिजे. पण मी तसं कुणालाच सांगत नाही, म्हणून तुम्हालाही सांगत नाही." शेजारची मुलगी म्हणाली, "काकू, कागद फाटला नाही!" तिनं मला बसस्टॉपपर्यंत सोडलं आणि भाताचा गोळा दिला, आत खारवलेलं आलूबुखार. बसमध्ये खाताना मला उगाच वाटलं की हे तुला सांगावं. सांगितलं.

आता घरी बसून काढताना हात थांबत नाही. पण त्या मोठ्या सभागृहात, दोनशे माणसं, कुणी खोकत नाही, फक्त पेन्सिली... तिथे तो कोपरा आला की माझा हात दोन्ही वर्षी थांबला. मला वाटायचं राक्षसाला भिते. राक्षसाला नव्हते भीत. तिथे रेघ मारली की मग तू बरोबर होतास, आणि तू बरोबर असलास तर मी त्या दारात उभी राहून काय बोलले, आणि कुणाला. चौदा तारखेला मला ती रेघ मारायची आहे आणि पुढे जायचं आहे. पाच तासांत रडायला वेळ ठेवलेला नाही. मी हिशेब केलाय.

म्हणून आता मागणी करते. विनंती मला जमत नाही, तुला माहीत आहे.

आत जोडकार्ड आहे. लग्नाच्या आमंत्रणाबरोबर येतं तसलं, उत्तराचं. पत्त्याच्या जागी माझा पत्ता लिहिलाय, तिकीट लावलंय. मागे दोन ओळी आहेत. 'पंधरा तारखेला घरी येतो.' 'येत नाही.' एकीवर गोल कर. पंधरा तारीख सुटीची आहे, परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीची. तुझ्या कारखान्यालाही सुटी असणार, मी दिनदर्शिका बघितली. समुद्राखालून गाडी येते, मग बदलायची, संध्याकाळपर्यंत पोचतोस. जेवायला जे असेल ते. काड्या मी धुऊन ठेवते, दोघांच्या. बाबांच्या हाडाला पुन्हा धरता येणार नाही, ते मला कळतं. भाजलेला मासा धरता येईल.

'येत नाही'वर गोल केलास तरी मी परीक्षेला जाणार. तो कोपरा काढणार. रागावलेलाच आहेस असं समजून काढीन. पण काहीच न कळता मला तिथे बसवू नकोस. नऊ वर्षं काहीच न कळता बसले आहे.

पोस्टमनला विचारलं. तुझ्याकडून इथे तीन दिवस लागतात, कधी चार. शनिवारी तेरा तारखेला मी अकराच्या बसनं निघते आणि रात्री परीक्षेच्या गावीच राहते. म्हणून कार्ड शुक्रवारी बारा तारखेला माझ्या हातात पडलं पाहिजे. म्हणजे तू ते सोमवारी आठ तारखेला पेटीत टाकायचंस. उशिरात उशिरा मंगळवारी सकाळी, पहिली पेटी उघडायच्या आत. पोस्टावर ढकलू नकोस, मी त्यांना बजावून ठेवलंय.

एकच गोल काढायचाय, दादा. बारा तारखेला माझ्या हातात.

मित्सुए